मशाल गार होती

सिद्धेश्वरीला आधी वाटलं, चित्र चुकीच्या गावाचं आलंय.

शनिवारची सकाळ होती. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत कपडे वाळत घालून ती नुकतीच कामाला बसली होती. काम घरूनच चालायचं. पुण्यातली एक संशोधन संस्था जगभरचा मिथेन शोधायची आणि त्यासाठी तिने सिद्धेश्वरीला नेमलं होतं. मिथेन डोळ्यांना दिसत नाही, पण सूर्यप्रकाशाचा ठरावीक भाग तो शोषून घेतो, आणि चारशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या यंत्राला तेवढी खूण पुरते. हवेत सुटलेला गॅस चित्रात पिवळ्या-लाल शेपटीसारखा उमटतो. मात्र कधी पत्र्याची छपरं फसवतात, कधी एखाद्या माळाची माती. म्हणून प्रत्येक चित्र कुणीतरी माणसाने बघून 'खरं' की 'खोटं' हे ठरवावं लागतं. गेली तीन वर्षं सिद्धेश्वरी हेच करत होती. तुर्कमेनिस्तानातल्या पाइपलाइनी, अल्जीरियातल्या तेलविहिरी, कुठल्या कुठल्या शहरांचे कचरा डेपो. ज्या गावांची नावं तिला उच्चारताही येत नव्हती, त्यांच्यावरच्या हवेत काय चाललंय ते तिला माहीत असायचं.

आज समोर हत्तरहाळ होतं. सोलापूरपासून चाळीस किलोमीटरवरचं, साखर कारखान्याचं गाव. तिथे तिचा थोरला भाऊ प्रभुलिंग राहत होता.

शेपूट लांब होती. कारखान्याच्या मागच्या अंगाला सुरू होऊन नैऋत्येकडे जवळजवळ दोन किलोमीटर गेली होती. सिद्धेश्वरीने त्या दिवसाचा वारा तपासला. त्याची दिशा जुळत होती. तिने जमिनीचा रंग बघितला, छपरं बघितली. मग जुनी चित्रं काढली. डिसेंबरच्या चित्रात काहीच नव्हतं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात शेपूट होती. फेब्रुवारीच्या मध्यावरही होती. तिने हिशेब मांडला तेव्हा ताशी सहाशे किलोच्या आसपास आकडा आला. तिने तो दोनदा तपासला, संस्थेला पाठवायचा रिपोर्ट थांबवून ठेवला आणि फोन उचलला.

"अण्णा, तुमच्या गॅस प्लँटमध्ये काही झालंय का?"

"एनातु? काय झालं?" प्रभुलिंगच्या मागे यंत्रांचा आवाज होता. घरातली कानडी त्याच्या बोलण्यात अशी मधूनच यायची.

तिने सांगितलं. तो हसला.

"सिद्दव्वा, तुझा उपग्रह चष्मा लावायला विसरला असेल. सगळा गॅस मशालीला जातोय आणि मशाल जळती आहे. पॅनेलवर हिरवा दिवा चोवीस तास असतो की."

कारखान्याच्या डिस्टिलरीतलं काळं सांडपाणी झाकलेल्या तलावांत साठायचं, तिथे कुजून त्याचा गॅस व्हायचा आणि एरवी तो बॉयलरला जळणासाठी जायचा. बॉयलरचा बर्नर डिसेंबरात खराब झाला होता. तेव्हापासून सगळा गॅस एका उंच लोखंडी खांबाच्या तोंडाशी जाळून टाकत होते. त्या खांबाला सगळे मशाल म्हणायचे. प्रभुलिंग हा त्या प्लँटचा इन्चार्ज. मागच्या वर्षी कारखान्याला पर्यावरणाचं बक्षीस मिळालं, तेव्हा व्यासपीठावर त्याचा सत्कार झाला होता आणि फेटा बांधलेला त्याचा फोटो सिद्धेश्वरीने स्वतः घरच्या ग्रुपवर टाकला होता.

"जळत असेल तर मला मिथेन दिसायला नको, अण्णा."

"मग दिसतंय ते चुकीचं आहे."

चुकीचं असू शकतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण तीन चित्रं एकसारखी चुकत नाहीत.

"उद्या येते मी," ती म्हणाली.

"ये की. जेवायलाच ये. वहिनीला सांगतो."

रविवारी सकाळी ती स्कूटी घेऊन निघाली. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या होत्या, बैलगाड्या होत्या. कारखान्याच्या एक किलोमीटर अलीकडेच नासक्या अंड्यांसारखा वास सुरू झाला. हा वास तिने लहानपणापासून कारखान्यांजवळ घेतला होता, त्यामुळे तिला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

प्रभुलिंग फाटकाशीच उभा होता. त्याने तिला आधी कंट्रोल रूममध्ये नेलं. पॅनेलवर 'ज्योत चालू' या अक्षरांखाली हिरवा दिवा लागला होता.

"बघितलंस?"

"मशाल दाखव."

"दिवसा दिसत नाही ती. गॅसची ज्योत निळी, वरनं एवढं ऊन. काय बघणार तू?"

"तरी दाखव."

ते मागच्या बाजूला गेले. तिथे झाकलेले तलाव संपत होते आणि तारेच्या कुंपणाला लागून मशालीचा खांब उभा होता, तीन माणसांच्या उंचीचा. वरच्या तोंडाकडे बघून काहीच कळत नव्हतं. नुसतं आभाळ होतं. कुंपणापलीकडे दीडशे पावलांवर ऊसतोड्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, होत्या, आणि त्यांच्यातून चुलींचा धूर निघत होता.

"इथंच थांब," प्रभुलिंग म्हणाला. "पुढं गेलं की भाजतं. पाच फुटांवर उभं राहवत नाही."

सिद्धेश्वरी थांबली. तो दोन पावलं पुढे गेला, तिला किती भाजतं ते दाखवायला. मग आणखी दोन पावलं. मग तो उभाच राहिला. त्याची पाठ तिच्याकडे होती. त्याने हळूच हात पुढे केला, जसा एखाद्या झोपलेल्या जनावराकडे करावा, आणि तळहात खांबाच्या सावलीच्या बाजूला टेकवला.

"अण्णा?"

त्याने दुसराही हात टेकवला.

"गार आहे," तो म्हणाला. "सिद्दव्वा, हा गार आहे."

वरून हलका फुस्स आवाज येत होता. तो आवाज ज्योतीचा समजून प्रभुलिंग गेले कित्येक आठवडे रोज दिवसा, लांबूनच, इथून जात होता. मग तो एकदम वळला.

"मोबाइल बंद कर! आधी बंद कर! आणि मागं सर, मागं!"

तो पळत सुटला. कंट्रोल रूमच्या दारातून त्याने शिफ्टच्या माणसाला ओरडून सांगितलं, मशालीचा व्हॉल्व्ह बंद करायला, गॅस टाकीकडे वळवायला. तिथून तो कुंपणाच्या दाराकडे धावला. सिद्धेश्वरी त्याच्या मागे. कोप्यांपाशी पोचेपर्यंत त्याला धाप लागली होती.

"चुली विझवा! सगळ्यांनी चुली विझवा! बिड्या टाका! गॅस सुटलाय!"

बायका भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी आधी एकमेकींकडे बघितलं. मग एकीने तव्यावरची भाकरी तशीच ठेवून चुलीत पाणी ओतलं. राख फुसफुसली. तिचं बघून दुसऱ्यांनी ओतलं. पोरांना घेऊन सगळे रस्त्याच्या पलीकडे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन उभे राहिले. ऊसतोड्यांची ही टोळी जतकडची होती, कर्नाटकाच्या सीमेवरची. काही बायका आपसात कानडी बोलत होत्या.

त्यांच्यात सगळ्यात म्हातारी होती ती चंद्रव्वा. पोलक्याच्या बाहीने डोळे पुसत ती सिद्धेश्वरीजवळ आली.

"काय सुटलंय म्हन्ता, बाई?"

"गॅस, अव्वा. तो खांब आहे ना, त्याच्यावरचा जाळ विझलाय. आजच कळलं आम्हाला."

"आज?" चंद्रव्वाने तिच्याकडे अशी नजर लावली की सिद्धेश्वरीला पुढचं बोलणं नको वाटलं. "अगं, त्यो दिवा संक्रांतीपास्नं न्हाय. आधी आमच्या कोप्यांवर रातभर उजेड पडायचा. कंदील लावाय लागायचा न्हाय. सुगडं पुजली त्या रातीला गेला, त्यो गेलाच."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. वॉचमनला सांगितलं. त्यो म्हटला, आपिसात दिवा लागलेला दिसतोय, म्हातारे, तुला कुटं दिसतंय."

प्रभुलिंगने ते ऐकलं. तो कारखान्याच्या भिंतीकडे बघत राहिला.

"डोकी दुखत्यात पोरींची," चंद्रव्वा म्हणत होती. "सकाळी उलट्या व्हत्यात. आमी म्हटलं, उन्हाळा लागतोय."

अर्ध्या तासाने शिफ्टच्या माणसाने येऊन सांगितलं की व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे, टाकीत जागा आहे, काही तास निभेल. प्रभुलिंगने कंट्रोल रूमच्या कपाटातून खिशाला अडकवायचा छोटा मीटर आणला. तलावातल्या गॅसमध्ये मिथेनबरोबर नासक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायूही असतो, तो हा मीटर मोजायचा. त्यातले सेल संपले होते. नवे घालून तो आणि सिद्धेश्वरी कुंपणाच्या बाहेरून खांबाच्या बुडाकडे गेले. तिथे खांबातलं पाणी बाहेर काढणारी एक नळी कुंपणाखालून येऊन चरात सुटत होती. चर खोल होता. त्याच्या काठाला, सगळा माळ वाळलेला असताना, हिरवं गवत होतं आणि एक बाभळ होती.

बाभळीपासून दहा पावलांवर मीटर वाजायला लागला. दहाच्या पुढे धोका असतो, आकडा चौदा झाला. अडतीस. प्रभुलिंगने हात लांब करून मीटर चराच्या तोंडाशी धरला तेव्हा एकशे वीस झाला. त्याने बहिणीला दंडाला धरून मागे ओढलं.

"नळीतलं पाणी आटलंय," तो पुटपुटला. "पाणी असलं की गॅस अडतो. आटलं की इथनंच बाहेर येतो. हा विषारी वायू हवेपेक्षा जड असतो. सकाळच्या गारव्यात, वारा नसला की चरात भरून राहतो."

"साहेब."

मागे एक बाई उभी होती. तिशीतली, कपाळाला लावलेलं कुंकू घामाने पसरलेलं. ती मघाची, पहिल्यांदा चुलीत पाणी ओतणारी.

"हितं काय गावलं?" तिने विचारलं.

"इथं येऊ नका, बाई. विषारी हवा आहे."

ती हलली नाही. बाभळीकडे बघत म्हणाली, "आमची बैलं हितंच मेली."

प्रभुलिंगचा हात खाली आला. मीटर अजून वाजत होता. त्याने तो बंद केला.

तिचं नाव बजाबाई. सिद्धेश्वरीने तिला रस्त्याच्या कडेला नेऊन बसवलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, उजाडायच्या वेळी, तिने बैलं बाभळीला बांधली होती, कारण तिथे हिरवं होतं. पाण्याची घागर भरून ती परत आली तर दोन्ही बैलं आडवी. एक तर चरात घसरलेला, मान वाकडी. दाव्याला ओढ बसल्याची खूण सुद्धा नव्हती. गडबड झाली, माणसं जमली. कारखान्याचे साहेब लोक आले. ते म्हणाले, कुणाच्या तरी रानातले ज्वारीचे कोवळे फुटवे खायला घातले असणार, त्याचंच विष भिनलं.

"मी फकस्त वाढं घातलं व्हतं, ताई. उसाच्या शेंड्याचा पाला. देवाची आन. पर कोन ऐकतंय? ह्येंनी त्या दिसापास्नं माझ्याशी बोलनं टाकलंय. एका कोपीत ऱ्हातो, एका फडात तोडतो, पर एक सबुद न्हाय. टोळीतल्या बाया बी म्हनत्यात, हिनं हातानं मारली."

सिद्धेश्वरीने मान वर केली. प्रभुलिंग चार पावलांवर उभा होता.

"ज्वारीचं कुणी सांगितलं होतं?" तिने बजाबाईला विचारलं, पण उत्तर तिला भावाच्या तोंडावर आधीच दिसलं होतं.

"ह्या साहेबांनीच की," बजाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला अजून काहीच माहीत नव्हतं.

प्रभुलिंग कंट्रोल रूमकडे चालू लागला. सिद्धेश्वरी मागोमाग गेली. आत त्याने पॅनेलचं मागचं झाकण उघडलं. वायरींच्या गुंत्यात दोन टोकांना जोडलेला लाल वायरचा वीतभर तुकडा होता. तो त्याने ओढून काढला. समोरचा हिरवा दिवा विझला आणि खोलीभर भोंगा वाजू लागला. त्याने भोंगा बंद केला आणि खुर्चीत बसला.

"डिसेंबरात ज्योत बघणारा सेन्सर बिघडला," तो म्हणाला. "ज्योत असतानाही भोंगा वाजायचा. दिवसातनं वीस-वीस वेळा. मीच हा जंपर टाकला, सेन्सर वगळून दिवा कायम लागेल असा. नवा सेन्सर आला की काढू म्हटलं. ऑर्डर पाठवली, आला नाही, आणि मग..." वायरचा तुकडा तो बोटाला गुंडाळत होता. "विसरलो, सिद्दव्वा. हिरवा दिवा रोज बघायचो आणि तो मीच लावलाय हे विसरलो."

सिद्धेश्वरीला बसायला खुर्ची होती, पण ती उभीच राहिली. लहानपणी तिला सायकल शिकवणारा, शाळेच्या फाटकापर्यंत सोडणारा हा माणूस. काल फोनवर चष्म्याची थट्टा करणारा.

"तुझा रिपोर्ट गेला का?" त्याने खाली बघत विचारलं.

"नाही. काल थांबवून ठेवला."

"दोन दिवस अजून थांबव. आज संध्याकाळपर्यंत मी मशाल पेटवतो. नळीत पाणी भरतो. नवा सेन्सर मी स्वतः पुण्याला जाऊन आणतो. मग पाठव. सुधारलं म्हणून पाठव."

"आणि बैलं?"

बोटावरची वायर तो पुन्हा सोडवू लागला.

"अण्णा, त्या जागी बैलं होती म्हणून बैलं मेली. पोरं खेळत असती तर?"

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिने भावाला असं कधी बघितलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं आणि हात उचललाच जाईना. तीन वर्षांत तिने हजारभर चित्रांवर 'खरं' असा शिक्का मारला होता आणि प्रत्येक वेळी एक काम संपलं म्हणून चहा ठेवायला उठली होती. त्यातल्या एकाही शेपटीखाली कोण राहतं, हे तिने बघितलं नव्हतं.

दारात सावली पडली. बजाबाई आली होती. वॉचमन तिला अडवत होता, पण ती त्याच्या बाजूने आत डोकावून म्हणाली, "ताई, त्या हवेनंच मेली न्हवं बैलं?"

सिद्धेश्वरीने भावाकडे बघितलं. "हो," ती म्हणाली.

"वाढ्यानं न्हाय?"

"नाही. तुमची काही चूक नव्हती."

बजाबाईने दाराची चौकट धरली. रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही.

"मग ह्ये त्येंच्या म्होरं एकदा सांगा," ती म्हणाली. "मी सांगितलं तर ऐकायचे न्हाईत. तुमी सांगा. सगळ्या टोळीम्होरं."

सिद्धेश्वरी निघाली. दाराबाहेर आल्यावर तिला मागे पावलांचा आवाज आला. प्रभुलिंग होता, आणि लाल वायर अजून त्याच्या हातात होती.

टोळी रस्त्याकडेला सावलीत बसली होती. कोंडीबा, बजाबाईचा नवरा, कडेला एकटा उकिडवा बसला होता. वाळकं अंग, डोक्याला मळका टॉवेल. सिद्धेश्वरीने जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं: मशाल विझली, गॅस नळीतून चरात साठला, त्या पहाटे वारा नव्हता, बैलं तो गॅस हुंगून मेली. चाऱ्यात काही नव्हतं.

"विझल्याचं कळलं नाही, म्हणून नळीही कुणी बघितली नाही, ते माझ्यामुळं," प्रभुलिंग म्हणाला. त्याने वायर पुढे धरली, जणू त्यांना ती बघून समजणार होती. "कळायचं जे यंत्र होतं, ते मी बंद केलं होतं. आणि ज्वारीचं बी मीच बोललो. मला काहीच माहीत नव्हतं, तरी बोललो."

कोंडीबाने वर बघितलं. त्याने आधी प्रभुलिंगकडे बघितलं, मग वायरकडे, मग बायकोकडे. बायकोकडे बघताना त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तो उठला, दोन पावलं चालला, आणि एकदम रस्त्याच्या मधोमध खाली बसला. मागून उसाची ट्रॉली येत होती. चंद्रव्वा आणि दुसऱ्या एकाने त्याला काखेत धरून बाजूला घेतलं.

"एक महिना," तो म्हणत होता. "एक महिना झाला. एक महिना."

बजाबाई त्याच्याकडे गेली नाही. ती तिथेच उभी राहून बघत होती.

दुपारी चारच्या सुमाराला मशाल पुन्हा पेटवली. प्रभुलिंगने खांबापासून सहा फुटांवर उभं राहून आच चेहऱ्यावर घेतली आणि मग जनरल मॅनेजरांच्या बंगल्यावर गेला. जाताना त्याने सिद्धेश्वरीला सांगितलं, "पाठव तू. आज जे जे बघितलंस ते सगळं लिही. माझं नाव घालायचं असेल तर घाल." तिने कारखान्याच्या कँटीनमध्ये बसून रिपोर्ट लिहिला. पुण्याला त्यांच्या गटाची प्रमुख ऋतुजा हिला फोन करून सांगितलं की इन्चार्ज माझा सख्खा भाऊ आहे, तेव्हा दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. ऋतुजाने ते लिहून घेतलं. मग विचारलं, "तू ठीक आहेस ना?" सिद्धेश्वरी म्हणाली, रिपोर्ट पाठवते, आणि तिने फोन ठेवला.

पुढच्या दोन आठवड्यांत बरंच काही झालं. रिपोर्टवरून प्रदूषणाच्या खात्याची माणसं आली. चर बुजवला, कोप्या कारखान्याच्या दुसऱ्या अंगाला हलवल्या, पोरांना आणि बायकांना तपासून घेतलं. प्रभुलिंगला कामावरून थांबवलं. कोंडीबाला बैलजोडी द्यायचं कारखान्याने लेखी कबूल केलं. सत्काराचा फोटो सिद्धेश्वरीच्या वहिनीने भिंतीवरून कधी काढला ते कुणाला कळलं नाही. तिथे फक्त खिळा उरला होता.

हंगाम संपला त्या दिवशी टोळी निघाली. प्रभुलिंगने बहिणीला सोबत बोलावलं होतं, एकट्याने जायला त्याला धीर होत नव्हता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाठोडी, पत्रे, भांडी चढत होती. कोंडीबा खाली उभा राहून एकेक वस्तू वर देत होता. प्रभुलिंग त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने वाटेत ठरवलं होतं, पण त्यातलं काही आठवेना. त्याने नुसते हात जोडले.

कोंडीबाने त्या हातांकडे बघितलं.

"साहेब, तुमी चुकलात ते बोलून तरी दाखवलं," तो म्हणाला. "हिच्याशी कसं बोलायचं, तेच मला उमगंना."

त्याने तवा उचलून वर केला. ट्रॉलीत उभ्या असलेल्या बजाबाईने तो घेतला. मग घागर. मग कंदील. ती प्रत्येक वस्तू घेत होती, नीट लावत होती, त्याच्याकडे बघत नव्हती. शेवटी तो स्वतः चढायला लागला तेव्हा त्याचा पाय चाकावरून निसटला. बजाबाईने खाली वाकून त्याचं मनगट धरलं आणि त्याला वर ओढलं. तो वर आल्यावर तिने हात सोडला आणि ती गाठोड्याला टेकून दुसरीकडे तोंड करून बसली.

ट्रॅक्टर सुरू झाला. चंद्रव्वाने सिद्धेश्वरीला हात केला. धूळ खाली बसेपर्यंत भाऊ-बहीण रस्त्यात उभे होते.

"बोलतील का गं ती दोघं?" प्रभुलिंगने विचारलं.

"माहीत नाही, अण्णा," सिद्धेश्वरी म्हणाली.